प्रकरण अकरावे: मेंढीचं जाकीट

सून अकराच्या बसने आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीपाशी आजी खुर्चीत बसली होती. मांडीवर पांढऱ्या लोकरीचा गुंडा, हातात क्रोशाची जाड सुई आणि उजव्या हाताची दोन बोटं न मिटता तशीच ताठ. सात आठवडे प्लास्टरमध्ये काढलेलं मनगट दहा दिवसांपूर्वी मोकळं झालं होतं. मोकळं झालं म्हणजे प्लास्टर निघालं एवढंच. आजीचं ऐकायला ते अजून लागलं नव्हतं.

मुंगी धावत आली, आईच्या पायांना घट्ट मिठी मारून पाच-सहा क्षण उभी राहिली आणि परत आपल्या रिकाम्या खोक्यांकडे गेली. साडेचार वर्षांच्या त्या पोरीला दर दुसऱ्या शनिवारी येणाऱ्या आईची सवय झाली होती. रडणं नाही, हट्ट नाही. सुनेला तेच जास्त लागायचं.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षं कारागीर होती. आठ महिन्यांपूर्वी चार तासांच्या अंतरावरच्या गावात तिला मुख्य कारागिराची जागा मिळाली. मुंगीला तीन महिन्यांपुरतं आजीकडे ठेवायचं, तोवर नवरा तिकडे बदली मागेल, असं ठरलं होतं. तिनाचे आठ झाले. आता सोमवारी शाळेचा अर्ज द्यायचा होता, इथल्या किंवा तिथल्या, आणि त्यासाठी थोरल्या नणंदेने आज सगळ्यांना बोलावलं होतं. सून बसमध्ये चारही तास मनातल्या मनात भांडत आली होती. नणंद काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, सगळं पाठ करून.

पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या वेगळंच पुढ्यात आलं. उद्या अकरा वाजता बालवाडीत नाटक होतं. अकरा मेंढ्या एका अरुंद पुलाशी येतात आणि प्रत्येक मेंढी म्हणते, "आधी मी." मुंगी सातवी मेंढी. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती की पांढरं, बिनबाह्यांचं, शक्यतो लोकरीचं जाकीट हवं. आजीने विणायला घेतलं होतं.

"मागचा भाग झालाय," आजी म्हणाली. "पुढच्याच्या चार ओळी झाल्यात. होईल उद्यापर्यंत."

सुनेने मागचा भाग हातात घेतला. दिवसभर केसाच्या जाडीचे फरक पाहणारे तिचे डोळे. तिला मोजावं लागलं नाही. खाली तीस टाके होते, वर एकवीस. सरळ चौकोन व्हायला हवा होता, तो वर जाता जाता निमुळता होऊन बसला होता. खांद्याशी मुंगीचं डोकंसुद्धा धड गेलं नसतं.

तिने काहीच न बोलता तो मांडीवर ठेवला. या घरात विणकामाबद्दल बोलायचा हक्क तिने सात वर्षांपूर्वीच घालवला होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आजीने तिला आपली एक सुई दिली होती, शिकवते म्हणाली होती. तेव्हा ती सहज बोलून गेली की बाजारात सगळं तयार मिळतं की. त्यात वाईट हेतू नव्हता. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. आजी त्यावर कधी काही बोलली नाही आणि पुन्हा कधी सुई पुढे केली नाही.

"निमुळता झालाय ना?" आजीने विचारलं.

सुनेने त्याची कड बोटाने सरळ केली.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. ओळीचा शेवटचा खांब, तो उभा टाका, साखळीमागे लपतो आणि सुटून जातो. पूर्वी बोटाला कळायचा, आता ना बोटाला कळत ना डोळ्याला. कळलं तरी उसवायची ताकद नव्हती. म्हटलं, पुढे जाऊ, काहीतरी होईल." मग तिने सुई सुनेकडे धरली. "उसव. चौथ्या ओळीपर्यंत उसव."

आजीने एकतीस वर्षं इस्पितळाच्या कपडेखात्यात काढली होती. फाटलेल्या चादरी, उसवलेले झगे, डॉक्टरांच्या कोटांचे खिसे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. शिकवायची पद्धतही तिथलीच होती, कमी शब्दांत, आणि चुकलं की हातावर हलकी चापट. लोकर डाव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घे. ओढू नकोस, येऊ दे. सुईवर एक वेढा, खालच्या घरात सुई घाल, धागा उचल, दोनातून काढ, पुन्हा दोनातून काढ. झाला खांब. असे तीस, मग तीन साखळ्या वर, आणि परत फिर.

सुनेने पहिली ओळ केली ती दोरखंडासारखी आवळलेली. दुसरी जरा सैल आली. उसवलेली लोकर कुरळी झाली होती, ती हातात वळवळत राहायची. आजी म्हणाली, तेच बरं, मेंढी इस्त्री करून थोडीच हिंडते.

मुंगी मधेच येऊन उभी राहिली. तिचं माप घेताना तिने बजावलं की मेंढीला बटणं नसतात. नाही लावणार, असं दोघींनी कबूल केल्यावर ती पुन्हा खोक्यांकडे गेली आणि खोक्यातच डोकं घालून झोपली.

तिच्याकडे बघत आजी बराच वेळ बसली. सात वर्षं या सुनेशी ती हवापाणी आणि जेवणखाण यापलीकडे बोलली नव्हती. पोटच्या मुलीशी दिवसातून दोनदा फोनवर बोलणं व्हायचं. तरी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला तिला हीच बरी वाटली. कदाचित हिची मान खाली होती म्हणून. ओठ हलवत टाके मोजणाऱ्या माणसाला सांगणं सोपं असतं.

"मी स्टुलावरून पडले नव्हते," आजी म्हणाली.

सुनेची सुई थांबली.

"मोज, मोज. चुकशील." आजीने आवाज खाली आणला. "ही जिन्यावरून पळाली. मी मागे धावले. दोन पायऱ्या एकदम उतरायला गेले. स्टुलाचं मी नंतर तुम्हा सगळ्यांना सांगितलं."

मग बाकीचंही हळूहळू बाहेर आलं. प्लास्टर असतानाच एका दुपारी तिचा डोळा लागला होता. जाग आली तर मुंगी घरात नाही, दार सताड उघडं. चार मजले उतरून पोर खाली रस्त्याच्या कडेला बसली होती, लोकांच्या चपला बघत. तळमजल्यावरच्या शिंपिणीने हाताला धरून वर आणली. आजीने तिला हात जोडून सांगितलं की हे कोणाला बोलू नका. त्या दिवसापासून दुपारी ती दाराला खुर्ची लावून, खुर्चीत ताठ बसून राहायची. झोप येऊ नये म्हणून पाढे म्हणायची. अठ्ठावीसचा पाढा अजून पूर्ण येतो, हेही तिने सांगितलं, आणि स्वतःच थोडी हसली.

सुनेला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला, दुपारचा, मोकळा, भरधाव गाड्यांचा. आणि त्याच वेळी, तिला स्वतःलाच लाज वाटावी असं, दुसरंही काहीतरी वाटलं. चार तास बसमध्ये ती जे शोधत होती ते न मागता हातात आलं होतं. आज नणंदेसमोर हे एक वाक्य टाकलं की विषय संपला.

"कोणाला सांगू नकोस," आजी म्हणाली.

"नाही सांगणार," सून म्हणाली. पुढची ओळ तिला दोनदा उसवावी लागली.

थोरली नणंद एकच्या सुमाराला आली. बस-आगारात गाड्यांच्या वेळा लावणं हे तिचं काम, आणि घरातही ती तेच करायची. कोणी कधी जेवायचं, कोणी कोणाला इस्पितळात न्यायचं, कोणाचा राग कधी संपायला हवा. धाकटा भाऊ, सुनेचा नवरा, तिला 'कंट्रोल रूम' म्हणायचा, अर्थात तिच्या पाठीमागे. वडील गेल्यावर तिनेच सगळं उचललं होतं. स्वतःचा संसार केला नाही. का नाही, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही.

आत आल्यावर तिने पाहिलं ते असं: आई आणि वहिनी एकाच खिडकीत, गुडघ्याला गुडघा लावून, एकाच लोकरीत डोकं घालून बसलेल्या. तिला ते आवडलं नाही. का आवडलं नाही हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. आईला तिने लहानपणी विणकाम शिकव म्हटलं होतं, पण ती डावखुरी. आई दोनदा वैतागली आणि ते तिथेच राहिलं.

धाकटा आला तीन वाजता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याशा इमारतीत सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे चार माणसं अडकली होती, त्यांना काढून आला. हात धुतले, बायकोकडे पाहून हसला, बहिणीकडे पाहून हसू आवरलं, आणि दोघींपासून सारख्या अंतरावर बसला.

चहा झाल्यावर थोरलीने पिशवीतून अर्ज काढला. इथल्या शाळेचा. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं तिने आधीच भरलं होतं. सही तेवढी बाकी होती. ती शांतपणे बोलली. शाळा जवळ आहे, पोरीला माणसांची सवय आहे, तिकडे वहिनी सकाळी आठला जाणार ती सहाला येणार, मग पोर बघणार कोण, परकं माणूसच ना. सगळं बरोबर होतं. धाकटा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग सून बोलली की पोर तिची आहे, शेजारी पाळणाघर आहे, तिने ते चार वेळा जाऊन पाहिलंय, आणि आठ महिने पोरीशिवाय राहून तिचा जीव मेटाकुटीला आलाय. धाकट्याने त्यालाही मान हलवली.

"दोघींचंही बरोबर आहे," तो म्हणाला.

"तू लिफ्टसारखा मधेच अडकू नकोस," थोरली म्हणाली. "खाली की वर, ते सांग."

त्याने चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. थोरली मग वहिनीकडे वळली. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"तुझं सगळं मान्य आहे गं. पण आईचं काय? तिचा जीव या पोरीत अडकलाय. उद्या मुंगी गेली तर ही अंथरूण धरेल. तू हा विचार केलायस?"

सुनेच्या हातातली सुई अर्ध्या खांबात थांबली. वाक्य जिभेवर होतं. थोरलीला वाटलं, ही आता रडणार. पण तिने फक्त एकदा आजीकडे पाहिलं आणि मान खाली घालून तो खांब पुरा केला.

"आईंचा विचार मी करते," ती म्हणाली. "ताई, एवढंच सांगते."

एवढंच. थोरलीला वाटलं आपण जिंकलो. तिने अर्ज भावापुढे सरकवला, पेन उघडून दिलं.

"थांबा रे," आजी म्हणाली.

तिने दुपारी सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. जिना, रस्ता, शिंपीण, दाराला लावलेली खुर्ची. या वेळी पाढ्याचं सांगितलं नाही. सांगताना ती कोणाकडेच पाहत नव्हती, आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे पाहत होती.

"मुंगी गुणाची आहे," ती शेवटी म्हणाली. "पण मला झेपत नाही. तिच्यामुळे नाही, कोणामुळेच नाही. मी थकले. मला दुपारी झोपायचंय."

मग थोरलीने विचारलं ते भलतंच.

"हे तू हिला आधी सांगितलंस?"

आजीने मान डोलावली.

"आई, मी तुला दिवसातून दोनदा फोन करते."

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी व्यवस्था लावली असतीस," आजी म्हणाली. "बाई ठेवली असतीस, दाराला वरची कडी बसवली असतीस, माझी औषधं बदलली असतीस. मला व्यवस्था नको होती गं."

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. धुतलेले कप तिने पुन्हा धुवायला घेतले. इतकी वर्षं ती आईच्या बाजूने लढत होती आणि आईच त्या बाजूला नव्हती. आणि एक गोष्ट तर तिने कोणालाच बोलून दाखवली नव्हती: आगारातून सुटल्यावर आठवड्यातून तीनदा ती इथे यायची ती आईसाठी येते असं सांगून. दार उघडलं की मुंगी तिच्या खिशातले गाड्यांचे तक्ते काढून घ्यायची आणि उलटे धरून वाचून दाखवायची. अमुक गाडी उशिरा, तमुक गाडी रद्द. अर्जातला पत्ता भरताना तिचा हात किती हौसेने चालला होता, ते तिला आता नळाखाली हात धरून आठवत राहिलं.

बाहेर धाकटा पेन हातात घेऊन बसला होता. बदली का मागत नाहीस, असं बायकोने विचारलं की तो म्हणायचा, आईला सोडून कसं येऊ. साहेबांनी विचारलं तेव्हाही तेच. सबब म्हणून तो ते म्हणत नव्हता, खरंच वाटून म्हणत होता. आता ते वाक्य आईने स्वतः काढून घेतलं होतं, आणि त्याच्या खाली काय होतं हे त्याला दिसत होतं. नव्या गावात नव्याने सुरुवात करायची भीती. बायको तिथे मुख्य कारागीर आणि आपण कोण, हा प्रश्न.

"आता?" बायकोने विचारलं. ती विणतच होती.

"सोमवारी साहेबांना विचारतो."

"विचारशील की विचार करशील?"

"विचारेन," तो म्हणाला. पेनाला टोपण लावलं आणि अर्जाची घडी घालून बहिणीच्या पिशवीत परत ठेवली.

त्याने सोमवारी खरंच विचारलं. उत्तर यायला पाच महिने लागले, आणि मधल्या काळात दर दुसऱ्या शनिवारी बस पकडायची पाळी त्याची होती. पण ते नंतर.

संध्याकाळी सातच्या आत दोन्ही भाग तयार झाले. पुढचा, मागचा, तीस-तीस टाक्यांचे, अठरा-अठरा ओळींचे. एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब होता, कारण सुनेचा हात शेवटी शेवटी सैल पडला होता. खांदे आणि दोन्ही बाजू शिवायच्या राहिल्या. आजीला शिवणसुई धरवेना. थोरली स्वयंपाकघरातून आली, न विचारता मागचा भाग उचलला, सुईत लोकर ओवली आणि डावी बाजू शिवायला बसली. सुनेने उजवी घेतली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. थोरलीने इतकं ओढून शिवलं की ती बाजू चुण्या पडून वर चढली.

"ताई, जरा सैल," सून म्हणाली.

"मला जमतं तसं जमतं," थोरली म्हणाली. पण पुढचे चार टाके तिने सैल घातले.

मुंगीच्या अंगात घातलं तेव्हा ते एका बाजूने कमरेवर आणि दुसऱ्या बाजूने मांडीवर येत होतं. ती आरशापुढे जाऊन उभी राहिली. पुढून पाहिलं, वळून पाहिलं.

"टोचतं," तिने निकाल दिला. आणि मग काढू दिलं नाही. त्यातच जेवली, त्यातच झोपली.

रविवारी नाटक बारा मिनिटांत आटोपलं. पाचव्या मेंढीला रडू फुटलं, तिला उचलून न्यावं लागलं. मुंगीने सगळा वेळ मान खाजवली आणि "आधी मी" आपल्या पाळीला म्हणायच्या ऐवजी नवव्या मेंढीच्या पाळीला म्हटलं, फार मोठ्याने. नववी मेंढी गोंधळून पुलावरून खाली उतरली. लोक हसले. धाकट्याने फोटो काढले, त्यात बहुतेक पुढच्या बाकावरच्या माणसाचं टक्कल आलं. सून टाळ्या वाजवता वाजवता थांबली आणि तळहात डोळ्यांवर धरून बसली; नवऱ्याने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिने झटकला नाही.

नाटकानंतर ती तिघं बाईंना भेटायला थांबली. मुंगी या शाळेचं वर्ष संपेपर्यंत इथे राहील, म्हणजे अजून सहा आठवडे, आणि मग आईकडे जाईल, असं सकाळी चहा पिताना ठरून गेलं होतं. फारसं कोणी काही बोललंही नव्हतं. सहा आठवडे दुपारी घरी थांबायला धाकटा पाळी बदलून घेणार होता.

आजी आणि थोरली पुढे निघाल्या. शाळेपासून बसथांबा दोन वळणांवर. आजी हळू चालत होती, थोरली तिच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे. कालपासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं झालं होतं: पाणी दे, दिवा लाव, चप्पल कुठे आहे. एका बंद दुकानाच्या पायरीशी आजी थांबली आणि बसली. थोरली थोडा वेळ उभी राहिली, घड्याळात पाहिलं, मग तीही शेजारी बसली.

"बस चुकेल," आजी म्हणाली.

"पुढची बावीस मिनिटांनी आहे."

रस्त्यावर रविवारची सामसूम होती. समोरच्या गॅलरीत कोणीतरी गादी झटकत होतं. थोरलीने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"आई, खरं सांग," ती म्हणाली. "कधीपासून थकली आहेस?"

आजीने विचार केला.

"तू पाचवीत होतीस बघ," ती म्हणाली. "साधारण तेव्हापासून."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. पाचवीत. तेव्हा वडील होते, धाकटा रांगत होता, आई इस्पितळातून सहाला यायची आणि उंबऱ्यातच पदर खोचायची.

"मग सांगायचं होतंस."

"कोणाला?" आजीने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती.

बस आली, थांब्यावर थांबली, दोन माणसं उतरली आणि बस निघून गेली. दोघींपैकी कोणी उठलं नाही.